हरकती व सूचना

मुदत तीस दिवसांची, सुट्ट्या धरून.
टेबल पालिकेचं, शिक्का पालिकेचा,
शाईचा पॅड मात्र मी घरून आणलेला.

कर्नाक बंदरच्या मागे गोदामांची रांग पाडून
अधिवेशन केंद्र व व्यापार संकुल होणार होतं.
नकाशा भिंतीवर डकवला होता,
त्यातली माणसं सगळी उंच,
हातात एकेक कागदी पिशवी,
आणि कुणाच्याच काखेत घाम नाही.

पहिले आले विश्राम धुरी.
म्हणाले, लिहून घ्या बाई, हात थरथरतो.
तीस वर्षं खांद्यावरून लोखंडी पट्ट्या वाहिल्या.
संकुलात काय उचलायचं असतं?
मी लिहिलं, 'रोजगाराबाबत'.
रकान्यात बरोबर मावलं.

कासमभाई बदामवाले हरकत घेऊन नव्हे, तक्रार घेऊन आले,
काम अजून सुरू का नाही म्हणून.
थोरल्यानं गाळा बुक केलाय, माहितीपत्रक छापलंय,
त्यात कासमभाई कोट घालून उभे,
कोट जावयाचा, बाह्या आखूड.
माहितीपत्रक त्यांनी परत मागून घेतलं,
एवढं एकच होतं.

रामसजीवन चहावाल्यानं विचारलं,
परिषदेची माणसं कटिंग पितात का?
याला हरकत म्हणावं की सूचना,
मी साहेबांना विचारायला गेले, साहेब जेवायला गेलेले.

आणि लोबो मिस.
कंपासपेटी घेऊन आल्या, निवृत्त भूमितीच्या बाई.
तीन पानं आकडेमोड:
इमारत एवढी, आमची गच्ची एवढी,
डिसेंबरच्या एकविसाव्या तारखेला
दुपारी साडेतीनला माझं ऊन जाईल.
खाली सही, सहीखाली दुहेरी रेघ.

एक कागद बिननावाचा, चौकटीच्या वहीतून फाडलेला:
'आत काय चालतं ते बाहेरून दिसेल अशी खिडकी ठेवा.'

चारशे बारा.
प्रत्येकापुढे मी टंकलं, नोंद घेण्यात आली.
नोंद घेण्यात आली. नोंद घेण्यात आली.
शेवटी शेवटी बोटं आपोआप,
एकदा घरच्या वाण्याच्या यादीतही तेच लिहिलं.
धुरी जाताना म्हणाले होते, तुमची काय हरकत?
कर्मचाऱ्याला हरकत घेता येत नाही, मी म्हणाले.
असा नियम आहे का, ते मी कधी पाहिलं नाही.

मग चार पावसाळे गेले.
लोबो मिसचा पोस्टकार्ड आला, कार्यालयाच्या पत्त्यावर:
'तीन पंचवीस. पाच मिनिटं चुकले. क्षमस्व.'

उद्घाटनानंतरच्या जत्रेचा पास मला कासमभाईंनी दिला.
आत गारठा, नव्या गालिच्याचा वास,
बदामाच्या गाळ्यावर थोरला कुणाशी इंग्रजीत हसतोय,
कासमभाई मागे खुर्चीत,
तळहातावर एक बदाम घेऊन नुसते बसलेले.
कसा आहे धंदा, विचारलं.
म्हणाले, इथे कुणी चाखत नाही, कार्डं देतात.

मी भिंतीपाशी आले. भिंत सगळी काचेची.
कुणी म्हणेल, सूचना मान्य झाली.
पण काच बाहेरून आरसा.
पलीकडे फूटपाथवर माणसं थांबत होती,
केस सारखे करत, दातात अडकलेलं पाहत,
एक बाई कुंकू नीट लावून गेली
माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर.
धुरी आले. टोपी काढली, झटकली, घातली.
स्वतःकडे बराच वेळ बघत राहिले,
आवक शिक्का मारण्याआधी मी कागद बघायचे तसे.

मग एक पोरगा, मिसरूड फुटू लागलेला,
दोन्ही हातांचा आडोसा करून
काचेला नाक चपटं लावून उभा राहिला.
तसं केलं की दिसतं म्हणे.
मी हात हलवला.
त्याला मी दिसले की छताचे दिवे, कोण जाणे.

तो गेला, पंजा आणि वाफ तेवढी राहिली.
सफाईवाला धावत आला, फडकं घेऊन,
आणि पुसू लागला.
जोर लावून, पुन्हा पुन्हा,
आतल्या बाजूनं.